वेगाचा साक्षीदार

पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून संध्याकाळी कोबी-टोमॅटो भरून टेम्पो निघतो, घाट उतरतो, कळंबोलीला येतो आणि शीव-पनवेल रस्त्याने वाशीच्या बाजाराकडे वळतो. वाटेत सीबीडी बेलापूर लागते. माल उतरतो, गाडी परत येते, आणि काही दिवसांनी गावी बसलेल्या मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो की, आपली गाडी अमुक ठिकाणी, अमुक वेळी, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गेली, दंड भरावा. ड्रायव्हरला विचारले तर तो म्हणतो, "मालक, काटा साठाच्या पुढं गेलाच नाही हो!" मग मालक विचारतो, "असं आहे, तर ह्यांनी पाहिलं कुणी?"

हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. वेग ही मोठी चमत्कारिक चीज. चोरलेली वस्तू हाती लागते, मोडलेले कुंपण दुसऱ्या दिवशीही मोडलेलेच दिसते. पण वेग गाडीबरोबर निघून जातो. तो झाला हे सिद्ध करायला साक्षीदार लागतो, आणि त्या साक्षीदारावर विश्वास का ठेवायचा हे सांगायला आणखी एक. आज त्या साक्षीदाराची हकीकत सांगायची आहे.

बेलापूरपासूनच सुरुवात करू, कारण ह्या गावाला पहाऱ्याची सवय जुनी. पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी इथे किल्ला होता. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे ह्यांनी आळीपाळीने त्याच्यावरून खाडीतल्या गलबतांवर नजर ठेवली, आणि १८१७ साली तो इंग्रजांकडे गेला. आज थोडे पडके अवशेष उरले आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, आणि भातशेतीच्या व मिठागरांच्या ह्या पट्ट्यात नवे शहर उभे राहिले. कोकण भवन इथेच, १९९४ साली सुरू झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची कचेरीही इथेच. वाशीकडून खाडीच्या कडेकडेने येणारा पाम बीच मार्ग जिथे संपतो, त्या चौकाला अजून लोक किल्ला चौकच म्हणतात. हा मार्ग रुंद, बराचसा सरळ, त्यात खाडीचा वारा. मर्यादा ताशी ६० किलोमीटरची, पण तरुण मुलांचा पाय आवरत नाही, आणि अपघातांसाठी ह्या रस्त्याचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येत आले आहे. गलबतांवर नजर ठेवणाऱ्या किल्ल्याच्या शेजारी आता मोटारींवर नजर आहे.

पण पहिला साक्षीदार यंत्र नव्हता. तो सायकलवरचा शिपाई होता. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडच्या केंट परगण्यात पॅडक वूड गावातून वॉल्टर आर्नोल्ड नावाचे गृहस्थ मोटार घेऊन निघाले. वेग ताशी ८ मैल. आपला चांगला पळणारा माणूस त्यांना सहज गाठील! पण गावातली मर्यादा होती ताशी २ मैलांची, म्हणजे बैलगाडीपेक्षाही हळू. शिपायाने सायकल मारत मारत त्यांना गाठले आणि कोर्टाने एक शिलिंग दंड केला. ह्या खटल्यात वादाला जागा नव्हती, फरक चौपटीचा होता.

खरा वाद सुरू झाला तो १९०३ च्या कायद्यानंतर. इंग्लंडने मर्यादा ताशी २० मैल केली. आता मोटार वीस मैलांनी चालली आहे की बावीस, हे उघड्या डोळ्यांना कसे कळावे? कायदा करणाऱ्यांनाही ही अडचण दिसली असावी. त्यांनी त्याच कायद्यात लिहून ठेवले की, केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून, मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणाला दोषी ठरवू नये. मग पोलिसांनी घड्याळ हाती घेतले. रस्त्यावर फर्लांगभर अंतर मोजायचे, दोन टोकांना शिपाई कुंपणाआड दडवायचे, आणि मोटार पहिल्या खुणेवरून गेली की रुमाल हलवायचा. वीस मैलांच्या वेगाने फर्लांग कापायला साडेबावीस सेकंद लागतात. शिक्षकमंडळींनी वर्गात हे गणित जरूर घालावे. त्यात घड्याळाची कळ दाबायला दोन सेकंदांची गफलत झाली, तर वेगात जवळजवळ दोन मैलांचा फरक पडतो. एवढ्याशा फरकावर दंड! श्रीमंत मोटारवाले चिडले, आणि १९०५ साली त्यांनी एक संघटना काढली. तिचे लोक सायकलवरून हिंडून, पुढे शिपाई दडले आहेत, असा इशारा देत. म्हणजे आज मोबाइलवर कॅमेऱ्याची जागा आधी सांगणारी जी सोय आहे, तिचे आजोबा सायकलवरून फिरत होते.

ती एका साक्षीदाराची अट आपल्याकडेही आली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती होती आणि १९८८ च्या कायद्याच्या १८३ व्या कलमातही ती आहे. एकाच माणसाने 'मला वाटलं, गाडी जोरात होती' असे म्हटले एवढ्यावर शिक्षा होत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजमापावर आधारलेले आहे, असे दाखवावे लागते. हवालदाराच्या डोळ्याला कायद्याने यंत्राची जोड मागितली ती अशी.

आता ड्रायव्हरचा साक्षीदार, म्हणजे त्याच्यासमोरचा काटा. ह्याची मूळ कल्पना दोन हजार वर्षांपूर्वीची. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस ह्याने एका गाडीचे वर्णन केले आहे. तिचे चाक ४०० वेळा फिरले की एक रोमन मैल होई आणि एक खडा पेटीत टपकन पडे. प्रवास संपल्यावर खडे मोजायचे, झाले मैल मोजून! पुढे १९०२ साली स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे ह्यांनी असा वेगमापक काढला की, तो पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत बसला. गाडीच्या यंत्रापासून एक लवचीक तार येते. ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघे एकमेकांना शिवत नाहीत. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक नाजूक कमान तिला मागे खेचते. ह्या दोघांच्या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. आता तारेच्या जागी विजेचे ठोके आले आहेत, पण मुळात हिशेब चाकाच्या फेऱ्यांचाच.

आणि इथेच गोम आहे, बरे का. काटा रस्ता पाहत नाही, फेऱ्या मोजतो. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच वाटेला फेऱ्या जास्त होतात, आणि काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. उलट, माल जास्त बसावा किंवा गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर घातले की फेऱ्या कमी होतात. घेर दहा टक्क्यांनी वाढला, तर काटा साठ दाखवील आणि गाडी सहासष्टाने पळत असेल.

कारखान्यातून निघतानाच काटा थोडा पुढे ठेवलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या मोटार-नियमाप्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर, एवढाच. म्हणजे गाडी साठाने चालली असेल, तर काटा साठापासून सत्तरापर्यंत कुठेही असला तरी त्याला सूट आहे. एकोणसाठ मात्र दाखवू नये. गावातली पोरे मोबाइल समोर धरून म्हणतात, काटा साठ दाखवतो आणि हा छप्पनच, काटा बिघडलाय. बिघडलेला नाही, तो मुद्दाम सावध ठेवला आहे. आपल्या आया घड्याळ पाच मिनिटे पुढे लावून ठेवतात, त्यातलाच प्रकार.

तेव्हा आपल्या ड्रायव्हरचे म्हणणे तपासता येते. टायर मूळ मापाचे असतील, वेगमापकात कोणी हात घातला नसेल आणि काटा खरोखरच साठाच्या आत असेल, तर गाडीचा वेग साठाच्या वर असणे कठीण. नोटिशीत बहात्तर लिहिले असेल, तर एक तर ड्रायव्हरने काट्याकडे पाहिले नाही, नाहीतर टायर बदललेले आहेत, नाहीतर कॅमेऱ्याकडे चूक आहे. माझा अनुभव विचाराल, तर उतारावर भरलेली गाडी आपोआप वेग घेते तेव्हा काट्याकडे पाहणारा ड्रायव्हर विरळा.

कॅमेऱ्याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. माउस गात्सोनिडेस हे जावा बेटावर जन्मलेले डच मोटारशर्यतपटू. १९५३ साली त्यांनी मॉन्टे कार्लोची मोठी शर्यत जिंकली. वळणावर आपण नेमक्या किती वेगाने जातो हे कळावे, म्हणजे आणखी जोरात जाता येईल, म्हणून त्यांनी वेग मोजायचे यंत्र तयार केले. रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकायच्या. पहिलीवरून चाक गेले की घड्याळ सुरू, दुसरीवरून गेले की बंद. १९५८ साली त्यांनी ह्या यंत्रांची कंपनी काढली, आणि शर्यतीसाठी केलेले यंत्र पोलिसांच्या हाती गेले. आजही कित्येक देशांत वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांच्या नावावरून ओळखतात.

त्यापूर्वीच, लढाईनंतर, अमेरिकेत रडार रस्त्यावर आले होते. त्याचे तत्त्व आपण रोज ऐकतो. शिट्टी वाजवत येणारी आगगाडी जवळ येताना सूर चढा असतो, पुढे गेली की तो उतरतो. १८४२ साली डॉप्लर ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ह्याचे गणित मांडले. रडार न दिसणाऱ्या लहरी गाडीवर सोडते, परतलेल्या लहरीचा 'सूर' किती चढला ते पाहते आणि वेग सांगते. यंत्र रस्त्याला तिरके असले तर ते खऱ्यापेक्षा कमीच वेग वाचते, हे ड्रायव्हरच्या पथ्यावरच पडते. धोका निराळाच असतो: दोन गाड्या शेजारी असताना वेग एकीचा नि नोटीस दुसरीला, किंवा चिखलाने माखलेल्या पाटीवर इंग्रजी आठाचा आकडा 'बी' म्हणून वाचला जाणे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात आणखी एक गंमत आहे. दोन ठिकाणी गाडीच्या पाटीचा फोटो घेतात आणि मधले अंतर किती वेळात कापले त्यावरून सरासरी काढतात. ताशी ८० ची मर्यादा असेल, तर दहा किलोमीटरला साडेसात मिनिटे लागलीच पाहिजेत; सहा मिनिटांत पोचलात तर कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबूनही उपयोग नाही. हा १९०५ च्या फर्लांगाचाच थोरला भाऊ, फक्त कुंपणाआडचे शिपाई गेले आणि दोन सेकंदांची गफलतही गेली.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. साठाच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून जास्त जाते, ऐंशीने बावीस. डोळ्यांनी माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद जातोच. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साठाचे ऐंशी झाले की तो पावणेदोन पटीहून अधिक होतो. शीव-पनवेल रस्त्याच्या कडेने पहाटे पायी जाणाऱ्या माणसाला ह्या गणिताची ओळख नसते.

पण कॅमेरा खरा म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे कायद्यानेही म्हटलेले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांत, यंत्राला मान्यतेचा दाखला हवा आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा, असे ठरले. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी रस्त्यावर इशाऱ्याची पाटी हवी. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवावी. आणि तिच्यासोबत गाडीचा व पाटीचा स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण असावे. तेव्हा नोटीस आली की घाबरून पैसे भरू नका आणि रागाने फेकूनही देऊ नका. आधी फोटो उघडून पाहा. गाडी आपलीच आहे का, त्या रात्री ती तिथे होती का, पाटी नीट वाचली आहे का? मोबाइल वाचता येत नसेल, तर शाळेतल्या गुरुजींकडे जा. त्यांनीही हे काम कमीपणाचे मानू नये.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही: गाडी चालवत कोण होते. पाटीवरून मालक सापडतो, म्हणून नोटीस मालकाला येते. पोलिसांनी विचारले की ड्रायव्हरचे नाव-पत्ता सांगण्याची जबाबदारी कायद्याच्या १३३ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. मग पुष्कळ मालक दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापतात आणि प्रकरण मिटले म्हणतात. त्यांनी १८३ वे कलम पुढेही वाचावे. नोकराला जास्त वेगाने गाडी हाकायला लावणाराही तिथे दोषी आहे. आणि अमुक वेळात पोचलेच पाहिजे असे फर्मान कोणी काढले, नि मर्यादा मोडल्यावाचून तेवढ्या वेळात पोचणे शक्य नव्हते असे कोर्टाला दिसले, तर ते फर्मानच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा धरले जाते. १९३९ च्या कायद्यातही हे होते. गावाहून रात्री दहाला गाडी सोडून 'चारच्या आत बाजारात लाग' म्हणून फोन करणाऱ्याने गाव ते वाशी अंतर किती, वाटेत घाट किती आणि मर्यादा किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. तो फोन कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही; त्याबद्दल ड्रायव्हरलाच बोलावे लागेल.