येसूबाईंची सुटका

परक्याच्या घरातील भांडणात फौज घेऊन जावे की न जावे, हा प्रश्न आजही राष्ट्रांपुढे उभा राहतो. मराठ्यांपुढे तो १७१८ साली उभा होता, आणि त्यात त्यांच्या छत्रपतींच्या मातोश्रींची सुटका गुंतलेली होती.

१६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला. राजारामांना आधीच बाहेर पाठवून गडावर राहिलेल्या येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेब वारल्यावर १७०७ साली आजमशहाने शाहूंना सोडले. आईला मात्र ओलीस ठेवून घेतले. हिशोब उघड होता. शाहू दक्षिणेत गेले की ताराबाईंशी झगडा लागेल, आणि आई हाती असल्याने ते दबून राहतील. झगडा लागलाच, मराठ्यांत यादवी माजली.

पुढे तोच रोग दिल्लीला जडला. बादशहा फर्रुखसियर आणि त्याला गादीवर बसविणारे सय्यद बंधू एकमेकांच्या जिवावर उठले. धाकटा सय्यद हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार होता. त्याला फौज हवी होती. बाळाजी विश्वनाथांनी ती देऊ केली, पण अटी आधी ठरवून घेतल्या: शिवाजी महाराजांचे स्वराज्य, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी, वऱ्हाड-गोंडवनातील नवे मुलूख, आणि येसूबाईंसह ओलिसांची मुक्तता. आपल्या सिंदेवाहीच्या बाजूस भोसल्यांचा अंमल तेव्हा आला नव्हता; चांद्याचे गोंड राज्य पुढे तीसेक वर्षे टिकले.

फेब्रुवारी १७१९ मध्ये ही फौज दिल्लीत शिरली. फर्रुखसियर पदच्युत झाला. पण शहर खवळले आणि सुमारे दीड हजार मराठे तेथे मारले गेले. मार्चमध्ये सनदा मिळाल्या. येसूबाईंना घेऊन बाळाजी जुलैत साताऱ्यास पोहोचले. सुमारे तीस वर्षांनी मायलेकरांना एकत्र स्वराज्य दिसले.

बाळाजींचे शहाणपण फौज नेण्याइतकेच ती परत आणण्यात आहे. दिल्लीच्या गादीवर कोणी बसावे, याची जोखीम त्यांनी पत्करली नाही. १७५२ च्या करारात मात्र मराठ्यांनी बादशाहीच्या रक्षणाचीच हमी घेतली, आणि ते ओझे पानिपतापर्यंत वाहावे लागले. दुसऱ्याच्या यादवीत उतरणाऱ्याने काय घ्यायचे आणि केव्हा परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरविलेले बरे. तरीही दीड हजार घरांना त्याची किंमत मोजावी लागली, हे आपण विसरू नये.