गोंगाटांतील शब्द

मालमोटारीच्या चालकाच्या जागेइतकी बोलण्यास गैरसोयीची जागा क्वचितच असेल. पुढें इंजिनाची घरघर, खालीं चाकांचा खडखडाट आणि खिडकी उघडी असल्यास वाऱ्याचा सोसाटा! अशा जागीं बसून अमेरिकेंतील असंख्य चालक गेलीं कित्येक दशकें एकमेकांशीं बिनतारी यंत्रानें बोलत आले आहेत. त्यांचा शब्द पलीकडे कळतो, याचें बरेंच श्रेय मुठींत मावणाऱ्या एका मायक्रोफोनास आहे. गोंगाट गाळून शब्द तेवढा पुढें पाठविणाऱ्या या मायक्रोफोनाची कथा ऐकण्यासारखी आहे.

मायक्रोफोनाचा जन्म टेलिफोनच्या घरीं झाला. १८७७ च्या सुमारास एडिसननें आणि १८७८ सालीं डेव्हिड ह्यूजनें कोळशाचा एक गुण उपयोगांत आणला. कोळशावर दाब पडला कीं त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. पुढें पातळ पडद्यामागें कोळशाचे कण भरण्याची युक्ति निघाली. ध्वनीनें पडदा हालतो, कण दाबले जातात आणि विजेच्या प्रवाहांत शब्दाचा ठसा उमटतो. घरांतील व कचेरींतील शांततेंत एवढें पुरेसें होतें. परंतु यंत्राला विवेक नसतो. धन्याचा शब्द आणि शेजारचा खडखडाट, दोन्ही तें सारख्याच तत्परतेनें उचलतें.

ही उणीव दुसऱ्या महायुद्धांत जिवावर बेतूं लागली. विमानांत व रणगाड्यांत हुकूम ऐकूं येणें हा जीवनमरणाचा प्रश्न होता. तेव्हां कित्येक सैनिकांच्या गळ्याशीं मायक्रोफोन बांधण्यांत आले. कंठाचें कंपन त्यांना थेट मिळे, त्यामुळें बाहेरचा आवाज पुष्कळ कमी झाला. पण एक अडचण राहिली. कंठांत नाद उत्पन्न होतो खरा, तथापि त्याला वर्णाचें रूप देतात जीभ, दांत आणि ओठ. स, श, फ यांसारखे वर्ण गळ्याशीं नीट सांपडत नाहींत, आणि व्यंजनें पुसट झालेलें वाक्य ओळखणें कठीण जातें. म्हणून अमेरिकन सैन्यानें टी-४५ नांवाचा मायक्रोफोन वापरांत आणला. तो कानांना अडकवून वरच्या ओठावर बसवीत.

त्यांतील तत्त्व मोठें मार्मिक आहे. गोंगाट बाहेर ठेवावयाचा तर दार बंद करावें, असें आपल्याला सहज वाटेल. येथें नेमकें उलट केलें आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंस दारें उघडीं ठेविलीं आहेत. ध्वनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. समजा, तोंड पुढच्या दारापासून एक सेंटिमीटर दूर आहे व मागच्या दारापासून तीन. तर पुढून शब्दाचा दाब स्थूलमानानें तिप्पट पडतो, आणि पडदा हालतो. इंजिन मात्र १०० सेंटिमीटरांवर असलें तर मागचें दार त्याला १०२ वर. दोन्हींकडील दाब जवळजवळ सारखा, म्हणून पडदा जागच्या जागीं राहतो. दोन्ही बाजूंनीं सारखेंच ढकलल्यावर झोपाळा हालावा कसा? इंजिनाच्या खोल नादाची लहर कित्येक हात लांब असल्यामुळें ही युक्ति त्यावर उत्तम चालते. तीक्ष्ण शिट्टीवर ती तितकी चालत नाहीं.

शांततेच्या काळांतही या तत्त्वाचें चीज झालें. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें १९३७ च्या सुमारासच क्रीडावृत्तान्त सांगणाऱ्यांसाठीं ओठाशीं धरण्याचा मायक्रोफोन तयार केला होता. त्याची लहानशी कड वरच्या ओठाला टेकवावयाची, म्हणजे अंतर बदलत नाहीं आणि प्रेक्षकांच्या कल्लोळांतही निवेदन स्पष्ट येतें.

अमेरिकेंत १९५८ सालीं सामान्य नागरिकांच्या संभाषणासाठीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपास तेवीस मार्ग मोकळे करण्यांत आले. हाच तो ‘सिटिझन्स बँड’, अर्थात् सी. बी. १९७३ सालीं तेलाची टंचाई झाली, आणि १९७४ च्या आरंभीं वेगमर्यादा ताशीं ५५ मैलांवर आली. तेल कोठें मिळेल, पोलीस कोठें उभे आहेत, पुढें अपघात झाला आहे काय, हें मालमोटारींचे चालक एकमेकांना सांगूं लागले. यंत्रें इतकीं वाढलीं कीं १९७७ च्या जानेवारीपासून मार्ग चाळीस करावे लागले. त्यांतील नववा मार्ग संकटसमयासाठीं राखलेला असतो.

असा मायक्रोफोन घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. ध्वनि नुसता वाढविणारा मायक्रोफोन निराळा. तो शब्दाबरोबर गोंगाटही वाढवितो. मायक्रोफोन आपल्या यंत्राशीं जुळणारा असावा. खुंटीचे कांटे सारखे दिसले तरी आंतील तारांची जोडणी निर्मात्यागणिक निराळी असते. आणि ऐकण्यांतील खरखर त्यानें जात नाहीं, कारण तो केवळ बोलण्याचें काम पाहतो.

वापरतांना पथ्य एकच, पण कडक. ओठ मायक्रोफोनाला जवळजवळ लागले पाहिजेत आणि मागचीं छिद्रें बोटांनीं झांकतां कामा नयेत. मागचें दार बंद झालें कीं गोंगाट पुन्हां आंत शिरतो. आणि हात वीतभर दूर नेला तर आपला शब्दही दोन्हीं दारांनीं सारखाच शिरतो. मग यंत्र त्यालाही गोंगाटच समजून खोडून टाकतें! पुष्कळजण त्यावर उपाय म्हणून ओरडतात. परंतु अमेरिकेंत सी. बी.च्या साध्या प्रक्षेपणाला कायद्यानें चार वॅटांची मर्यादा आहे. ओरडल्यानें ती वाढत नाहीं, शब्द मात्र फाटतो. अपघाताच्या ठिकाणाचा मैलाचा आंकडा फाटक्या आवाजांत गेला, तर मदत भलतीकडेच धांवेल.

वर्ग गजबजलेला असतां शिक्षकानें आवाज चढविला कीं मुलेंही चढवितात, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. गोंगाटावर मात करावयाची ती गोंगाटाहून मोठा आवाज करून नव्हे, तर जवळ जाऊन, हळू व स्पष्ट बोलून. हीच गोष्ट मायक्रोफोनाच्या दोन दारांनीं सिद्ध करून दाखविली आहे.