घरातला एमसीबी सारखा पडतोय? कारण शोधण्याची सोपी पद्धत

सकाळी घाईच्या वेळी खटकन आवाज येतो आणि घरातली लाईट जाते. आपण बोर्डाजवळ जाऊन खटका वर करतो, पाच मिनिटांनी तो पुन्हा खाली. चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी या पट्ट्यात एका खोलीत तीन-चार जण मिळून राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कोणी सांगतं "एमसीबी खराब झालाय, बदलून टाक", कोणी सांगतं "मोठा टाक, मग पडणार नाही". दुसरा सल्ला जीवावर बेतू शकतो. तो का, आणि खरं कारण कसं शोधायचं, हे या लेखात पाहू.

आधी बघा, नक्की काय पडलंय

मोबाईलचा टॉर्च लावा आणि डीबीचा, म्हणजे मीटरनंतरच्या खटक्यांच्या पेटीचा, एक स्पष्ट फोटो काढा. फोटो झूम केला की खटक्यांवरची बारीक अक्षरं नीट वाचता येतात.

- एमसीबी: अरुंद खटका. त्यावर सी-१६, सी-२० असं लिहिलेलं असतं. १६ म्हणजे १६ अँपिअर. जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की हा पडतो.
- आरसीसीबी: रुंद खटका, त्यावर टेस्टचं छोटं बटण. घरगुती आरसीसीबीवर बहुतेक वेळा ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. करंट कुठूनतरी जमिनीकडे गळत असेल तर हा पडतो. माणसाला शॉक बसतो तेव्हा वाचवणारा हाच.

एमसीबी वायरचं रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचं. त्यामुळे एक आहे म्हणून दुसरा नको, असं होत नाही.

दोन्ही खटके वरच आहेत आणि तरी लाईट नाही? मग बाहेर बघा. शेजारीही अंधार असेल तर बिघाड तुमच्या घरात नाही. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा. मीटरच्या पुढची, म्हणजे घरातली वायरिंग मात्र ग्राहकाची जबाबदारी असते.

कधी पडतो यावरून कारण ओळखा

१. वर करताच लगेच पडतो: शॉर्टसर्किटची शक्यता सर्वांत जास्त. एमसीबीच्या आत एक कॉइल असते. सी प्रकारात करंट क्षमतेच्या ५ ते १० पट झाला की ती क्षणात खटका पाडते.

२. काही मिनिटांनी पडतो: ओव्हरलोड. आत दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त करंटने ती तापते, वाकते आणि खटका सोडते. तापायला वेळ लागतो, म्हणून उशीर होतो.

३. पावसात किंवा गीझर, वॉशिंग मशिन लावल्यावर आरसीसीबी पडतो: कुठेतरी ओल शिरली आहे किंवा हीटिंग एलिमेंटमधून करंट गळतोय.

४. लाईट परत आल्यावर पडतो: आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते. ती आली की फ्रिज, एसी, पंप एकदम सुरू होतात आणि सुरुवातीला जास्त करंट ओढतात. लाईट गेली की मोठी उपकरणं बंद करून ठेवा, आल्यावर एकेक चालू करा.

ओव्हरलोडचं गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर

सूत्र सोपं आहे: वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. वॅटचा आकडा उपकरणाच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो.

निघोजेत मित्रांच्या खोलीवर मी हेच गणित करून दाखवलं होतं. चौघेही फर्स्ट शिफ्टचे, त्यामुळे पहाटे सगळं एकाच वेळी चालू. इंडक्शन शेगडी २००० वॅट, पाणी तापवायचा रॉड १५००, किटली १५००, इस्त्री ७५०. बेरीज ५७५० वॅट, म्हणजे २५ अँपिअर. आणि खोलीला एमसीबी एकच, तोही १६ चा. तो रोज पाच-दहा मिनिटांत पडायचा. एमसीबी एकदम ठीक होता, त्याचं काम तो चोख करत होता.

घरमालक ३२ चा एमसीबी बसवायला निघाले होते. पण भिंतीतली वायर होती २.५ चौरस मिलिमीटरची. अशा वायरला ३२ चा एमसीबी लावला तर २५ अँपिअरला वायर तापत राहते, इन्सुलेशन मऊ पडतं, पण एमसीबी पडतच नाही. आग लागते ती अशीच. हे गणित मालकांना दाखवल्यावर त्यांनी बेत बदलला आणि वायरमनकडून शेगडीसाठी जाड वायरची वेगळी लाईन ओढून घेतली. तोवर मित्रांनी एक नियम पाळला: शेगडी चालू असताना रॉड बंद.

लक्षात ठेवा, १६ अँपिअर म्हणजे साधारण ३६८० वॅट. मोबाईलचा चार्जर २० ते ६५ वॅटचा असतो, त्याच्या लोडमुळे एमसीबी पडणार नाही.

बिघाड शोधायच्या पायऱ्या

सुरुवात करण्याआधी हात कोरडे, पायात चप्पल. जळका वास येत असेल, बोर्ड गरम लागत असेल किंवा भिंतीत पाणी मुरलं असेल तर खटका वर करू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

१. त्या लाईनवरची सगळी बटणं बंद करा आणि प्लगही काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे खराब उपकरण बटण बंद असतानाही आरसीसीबी पाडू शकतं.

२. खटका आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. पडलेला खटका कधीकधी मध्येच अडकलेला असतो.

३. टिकला तर एकेक प्लग लावून चालू करा. ज्या उपकरणाला पडेल, ते बाजूला काढा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

४. आरसीसीबी पडत असेल तर आधी सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक वर करा. ज्याला पडेल, त्या लाईनवर गळती आहे.

५. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा खटक्यातच आहे. इथे आपलं काम संपलं. डीबीचं झाकण स्वतः उघडू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. काढलेला फोटो आणि कधी पडतो ही माहिती त्याला पाठवा, त्याचा वेळ वाचेल.

खटका दोनदा वर करूनही पडला तर तिसऱ्यांदा प्रयत्न नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमसीबी असल्यावर शॉक बसत नाही ना?
बसतो. माणसाच्या अंगातून जाणारा घातक करंट मिलीअँपिअरमध्ये असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. रॉड वापरत असाल तर आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. पाणी तापलं का, हे बोट बुडवून बघू नका. आधी प्लग काढा.

आरसीसीबी सारखा पडतो, तो काढून थेट जोडणी केली तर?
अजिबात नको. तो पडतोय म्हणजे गळती आहे. तो काढला की गळती तशीच राहते, फक्त ती तुम्हाला कळत नाही.

टेस्ट बटण कशासाठी?
महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर यंत्रणा ठीक. नाही पडला तर आरसीसीबी बदलून घ्या.

भाड्याच्या खोलीत आरसीसीबी नसेल तर?
घरमालकाशी बोला. पाच-सहा खोल्या एकाच मीटरवर असतील तर वीजबिलावरचा मंजूर भारही बघायला सांगा. वापर त्याच्या वर जात असेल तर महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो.

आजच आपल्या डीबीचा फोटो काढून ठेवा आणि आरसीसीबी आहे की नाही ते बघा. खोलीवरच्या मित्रांच्या ग्रुपवरही तो टाका, म्हणजे पुढच्या वेळी लाईट गेली की कुठला खटका पडला हे सगळ्यांना कळेल.