मृत व्यक्तीचे मृत्युपत्र कोठे शोधावे?

घरातील कर्त्या व्यक्तीने मृत्युपत्र केले होते, एवढेच तिच्या निधनानंतर वारसांना ठाऊक असते. ते कोठे ठेवले आहे, हे मात्र अनेकदा कोणालाच माहीत नसते. देशातील सर्व मृत्युपत्रांची एकत्रित नोंदवही अस्तित्वात नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २९४ नुसार, मृत्युपत्रांची सार्वजनिक नोंदणी व्यवस्था स्थापन होईपर्यंत प्रोबेट मिळालेली मूळ मृत्युपत्रे न्यायालयाच्या दप्तरी जपून ठेवायची आहेत. शंभर वर्षांनंतरही अशी देशव्यापी व्यवस्था झालेली नसल्याने शोध टप्प्याटप्प्यानेच घ्यावा लागतो.

घर, बँक आणि साक्षीदार

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १८ नुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी न केलेले मृत्युपत्रही वैध ठरू शकते. म्हणून घरातील कागदपत्रे, बँकेतील लॉकर, कुटुंबाचे वकील व कर सल्लागार यांच्यापासून सुरुवात करावी. मृत्युपत्रावर सर्वसाधारणपणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. जुने स्नेही, शेजारी किंवा कुटुंबाचे डॉक्टर यांनी अशी सही केली असल्यास त्यांच्याकडून दिशा मिळू शकते.

दुय्यम निबंधक कार्यालय

नोंदणीकृत मृत्युपत्राची नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते. मालमत्ता जेथे आहे तेथेच ही नोंदणी करावी, असे बंधन नाही. सोलापूर जिल्ह्यात शेती असलेली व्यक्ती अखेरची वर्षे पुण्यात मुलीकडे राहत असेल, तर मृत्युपत्र पुण्यातही नोंदलेले असू शकते. इंदूर, बडोदा किंवा बंगळुरू येथे दीर्घकाळ राहिलेल्या व्यक्तीबाबत तेथील कार्यालयांतही चौकशी करावी.

मृत्युपत्रकर्ता हयात असेपर्यंत या नोंदीची प्रत केवळ त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते. निधनानंतर मात्र कलम ५७ नुसार कोणीही प्रतीसाठी अर्ज करू शकतो. जमीनजुमल्याच्या दस्तांप्रमाणे हे पुस्तक अर्जदाराला स्वतः चाळता येत नाही; शोध नोंदणी अधिकारीच घेतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडून संपूर्ण नाव, स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव आणि नोंदणीचे संभाव्य वर्ष कळवल्यास शोध सोपा होतो.

जिल्हा निबंधकांकडील मोहोरबंद लिफाफा

कलम ४२ अन्वये मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात कोणत्याही जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. त्याची नोंद पुस्तक क्रमांक ५ मध्ये असते. हे पुस्तक दुय्यम निबंधकाकडे नसल्याने चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. निधनानंतर अर्ज केल्यास निबंधक अर्जदारासमक्ष लिफाफा उघडतो, मजकुराची नक्कल पुस्तक क्रमांक ३ मध्ये करून घेतो आणि मूळ मृत्युपत्र पुन्हा आपल्या ताब्यात ठेवतो.

न्यायालयाचे दप्तर

प्रोबेट घेतले गेले असल्यास मूळ मृत्युपत्र जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालयाच्या दप्तरी असते. मुंबई, चेन्नई व कोलकात्याशी संबंधित अनेक मृत्युपत्रांच्या बाबतीत न्यायालयात हक्क सिद्ध करण्यासाठी कलम २१३ नुसार प्रोबेट आवश्यक होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम वगळले. तरीही त्यापूर्वीच्या प्रकरणांसाठी हे दप्तर महत्त्वाचेच आहे. एखाद्याने मृत्युपत्र दडवून ठेवल्याचे दाखवून देता आल्यास, ते हजर करण्याचा आदेश जिल्हा न्यायाधीश कलम २६७ अन्वये देऊ शकतात.

गोव्यातील पद्धत वेगळी आहे. तेथे सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होऊन त्याच्या नोंदवहीत लिहिले जाते. दुय्यम निबंधक हेच पदसिद्ध विशेष नोटरी असल्याने चौकशी त्यांच्याच कार्यालयात करावी.

पहिले मृत्युपत्र हाती लागताच शोध थांबवू नये. कायद्याने अखेरचे वैध मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते. नंतरचे साधे, नोंदणी न केलेले मृत्युपत्रही आधीचे नोंदणीकृत मृत्युपत्र रद्द करू शकते. म्हणूनच हा शोध पूर्ण होण्यापूर्वी वारसांनी हक्कसोडपत्रावर किंवा वाटणीच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.