विजेंदरचा ‘पहिला’ पराभव

मार्च २०२१. पणजीत कसिनोच्या जहाजावर विजेंदर सिंग रशियाच्या आर्तिश लोपसानकडून हरला. बातम्या म्हणाल्या, पहिला पराभव! मीही टिपणात तसंच उतरवलं. चूक. तो पहिला फक्त व्यावसायिक दप्तरात, आणि ते दप्तर उघडतं ऑक्टोबर २०१५ला, मँचेस्टरमध्ये. आधीच्या हौशी लढती त्यात धरतच नाहीत. खेळही बदलतो म्हणा. बीजिंगला दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. आमच्या भिसेगावहून लोकलने गाठता येणाऱ्या वरळीत, ऑगस्ट २०१७ला, तो झुल्पिकार मैमैतियालीविरुद्ध तीन मिनिटांच्या दहा फेऱ्या खेळून जिंकला. आता ‘पहिला’ दिसलं की मी दप्तर कुठलं ते आधी बघतो. अहो, २००८चं ऑलिम्पिक कांस्यच त्याला उपांत्य फेरीत क्यूबाच्या एमिलिओ कोर्रेआकडून हरून मिळालं होतं.