पाकटाच्या दंशावरील अतिदाब प्राणवायू उपचार

पाकट या माशाच्या काट्याने झालेली जखम चिघळल्यास किंवा तिच्यातील ऊती मृत होऊ लागल्यास, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काही वेळा रुग्णाला वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू देतात. या पद्धतीस अतिदाब प्राणवायू उपचार म्हणतात; वैद्यकीय व्यवहारात 'हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी' हे नाव रूढ आहे. हा विषावरील उतारा नव्हे.

जखमेचे स्वरूप

पाकट हा चपट्या अंगाचा उपास्थिमीन उथळ पाण्यात वाळूखाली दडून राहतो. त्याच्यावर पाय पडताच तो शेपूट फटकारतो व तिच्यावरील काटा बहुधा पावलात किंवा घोट्यात शिरतो. जाळ्यातून मासा सोडविताना कोळ्यांच्या हातांनाही अशी इजा होते. मुंबईत २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविक पाकटांच्या दंशाने जखमी झाले होते.

काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दाते असल्याने तो बाहेर येताना मांस फाडतो. त्यावरील त्वचेचे वेष्टन फाटून आतील विष जखमेत उतरते. वेदना तास-दीड तासात शिगेला पोहोचते. पुढे विषामुळे ऊती मरू शकतात. शिवाय व्हिब्रिओसारख्या सागरी जीवाणूंचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

प्रथमोपचार

जखमी भाग सोसवेल इतक्या गरम, परंतु ४५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवतात. पाण्याची उष्णता धडधाकट हाता-पायाने पाहावी, कारण बधिर भाग पोळल्याचे कळत नाही. छाती, पोट वा मानेत रुतलेला काटा जागेवर उपसू नये. रुग्णालयात क्ष-किरण चित्राने काट्याचे तुकडे शोधणे, जखम धुऊन मृत ऊती काढणे, धनुर्वाताची लस आणि गरजेनुसार प्रतिजैविके हा क्रम असतो. अतिदाब उपचार यांपैकी कशाचीही जागा घेत नाही.

उपचाराची क्रिया

रुग्णाला बंद कक्षात ठेवून दाब सामान्यतः वातावरणाच्या २ ते २.५ पट करतात व सुमारे दीड तास प्राणवायू देतात. अशी सत्रे अनेक दिवस चालतात. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो; तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. त्यामुळे सूज आणि बिघडलेला रक्तपुरवठा यांमुळे उपाशी पडलेल्या ऊतींपर्यंतही तो पोहोचू शकतो. श्वेतपेशींची जंतुनाशक क्षमता वाढते व नव्या केशवाहिन्या तयार होण्यास चालना मिळते.

पुरावा आणि मर्यादा

पाकटदंशासाठी या उपचाराचा आधार मुख्यतः सुट्या रुग्णांच्या नोंदींचा आहे. त्यांत शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकेही सोबत असल्याने नेमके श्रेय कशाचे, हे ठरविणे कठीण जाते. समुद्राखालील व अतिदाब वैद्यकाच्या अमेरिकी संस्थेच्या मान्य विकारांच्या यादीत सागरी विषदंश स्वतंत्रपणे नाही. मात्र ऊती मारत जाणारा मऊ ऊतींचा संसर्ग आणि काही न भरणाऱ्या जखमा तिच्यात आहेत. त्या वाटेनेच पाकटाची जखम या उपचाराच्या कक्षेत येते.

कानाच्या पडद्यास इजा, तात्पुरता दृष्टिदोष आणि क्वचित आकडी हे दुष्परिणाम होतात. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असून तिच्यावर उपाय झालेला नसल्यास हा उपचार निषिद्ध मानतात. म्हणून काटा छातीत शिरलेल्या रुग्णाची याबाबत आधी तपासणी करावी लागते.

असे कक्ष प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात, तर दंश होतो किनाऱ्यावर. गरम पाणी मात्र कोणत्याही कोळीवाड्यात मिळते.