उतार नाही म्हणणारा माणूस

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात जाऊन बसा, निम्म्या पात्रांचे आईबाप मेलेले असतात. गाव ऑर्क्सनी जाळलेलं, गुरूचा खून झालेला, आणि उरलेला एकटा वीर सूडासाठी निघालेला. कारण सोपं आहे. अनाथ माणसाला घरी कुणी विचारणारं नसतं, त्यामुळे तो गुहेत शिरायला कधीही मोकळा. मला ही बॅकस्टोरी आळशी वाटते. नवीन कॅम्पेनसाठी पात्र बनवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, पूर्वकथा घ्यायची ती आपल्या जालना जिल्ह्यातून.

खरं तर या खेळाला सुरुवातीला पूर्वकथेची गरजच नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो छापला तेव्हा फासे टाकायचे, आकडे लिहायचे, लढवय्या की जादूगार की धर्मगुरू ते ठरवायचं आणि खाली उतरायचं. पात्र पहिल्याच तासात मरण्याची शक्यता मोठी, मग त्याचं बालपण कोण लिहीत बसणार? खेळाचे पूर्वज तर युद्धखेळ. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा नकाशावरचा खेळ अधिकाऱ्यांच्या सरावासाठी आला. त्यात एक ठोकळा म्हणजे एक तुकडी. ठोकळ्याला आई नसते. पुढे १९६९ च्या आसपास मिनेसोटात डेव्हिड वेसलीने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. काळ नेपोलियनचा, गाव काल्पनिक जर्मन. पण यात खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी माणसं दिली: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार. दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेल्या गावातली माणसं. आर्नेसन याच मंडळींतला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर पात्राच्या कागदावर रकानेच आले: ध्येय काय, कशाशी बांधलेला आहे, खोट काय.

दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेलं गाव आपल्याकडेही आहे. असई.

२३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचं सैन्य पसरलेलं. कवायती पायदळ दहा हजारांहून जास्त, शंभराच्या आसपास तोफा, त्यावर हुकूम पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाचा, जो आधी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट होता. समोर चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याच्याबरोबर कंपनीचे सात हजारांच्या आत-बाहेर लोक, म्हैसूरचे स्वार आणि हो, पेशव्यांचेही स्वार. शाळेत ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ असं एका ओळीत आटोपतात, ते इतकं सरळ नव्हतं.

पात्रांची इथे चंगळ आहे. बारगीर घ्या, ज्याचा घोडा सरकारी. किंवा शिलेदार, ज्याचा घोडा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराचं भांडवल बुडालं, म्हणजे एका शब्दात अर्धी पूर्वकथा. बेगम समरूच्या पलटणींतला शिपाई घ्या. त्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या आणि बऱ्याच धडपणी निघून गेल्या. बेगम स्वतः नाचणारी मुलगी होती, मग सरधन्याची मालकीण झाली. असं पात्र मी लिहून नेलं असतं तर आमचा डीएम म्हणाला असता, जरा कमी कर.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकला तो गोलंदाजांवर. इंग्रजांची फळी तोफांवर येऊन पुढे निघून गेली तेव्हा यांतले काही तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, आणि मग उठून त्याच तोफा वळवून पाठीवर डागायला लागले. वेलस्लीला स्वतः परत फिरून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. त्याच्या बाजूचा हिशोब नेमका आहे: ४२८ मेले, ११३८ जखमी. शिंद्यांकडचे मेलेले मात्र अंदाजे १२००. राउंड फिगर.

तरीही मी गोलंदाज निवडला नाही. त्याचं शौर्य आयतं आहे, त्यात खेळताना शोधायला काही उरत नाही.

मी निवडला वाटाड्या. लढाईच्या आधी वेलस्ली केळनेच्या दक्षिण तीरावर होता आणि समोरचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, शिंद्यांच्या तोफांच्या तोंडावर होती. दुसरा उतार आहे का, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. नाही, असं उत्तर मिळालं. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव, बरोबर पलीकडे दुसरं. इंग्रजी नोंदींत पीपलगाव आणि वरूर. इतकी जवळ दोन गावं वसली आहेत तर लोक ये-जा करत असणारच, असं त्याने ताडलं. पाणी खरंच उतारापुरतंच होतं. सैन्य तिथून पलीकडे गेलं, त्याच उतारावर त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं, आणि संध्याकाळपर्यंत ९८ तोफा कंपनीच्या हाती होत्या.

माझ्या वाचनातल्या कथनांत त्या वाटाड्याचं एकच वाक्य येतं, नाव येत नाही. तो दूरच्या गावचा असेल आणि त्याला खरंच ठाऊक नसेल. इतिहास लिहिताना मी इथेच थांबेन. खेळात मात्र पुढे जाण्याची मुभा आहे, फक्त सीमा कुठे ओलांडली ते स्वतःला माहीत असावं.

ग्रुपमधल्या एकाने लगेच त्याला देशभक्त करून टाकलं. मला ते पटत नाही. सप्टेंबरात आपल्याकडे खरिपाची ज्वारी-बाजरी रानात उभी असते. हजारो घोडे उतरले की ते कुणाचे आहेत हे पिकाला कळत नाही. माझा माणूस शिंद्यांसाठी खोटं बोलत नाही. पलीकडच्या गावात त्याची बहीण दिली आहे. म्हणून तो नाही म्हणतो. आणि जी ये-जा लपवायची, तीच दोन गावांच्या जागेवरून उघडी पडते.

कागदावर तो रेंजर आहे. हत्यार काठी. बंध: बहीण. खोट: विचारल्यावर सगळ्यात आधी नाही म्हणतो. नाव मी घातलेलं नाही; बाकीचे त्याला नुसतं ‘वाटाड्या’ म्हणतात. डीएमने त्याला आमच्या कल्पित राज्यात आणून सोडलंय, लढाईनंतर तीन दिवसांनी, आणि बहिणीचं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही.